शाळेवर देखरेख ठेवायला निघालात? आधी पट मोजायला शिका

शिक्षण हक्काच्या कामात नव्याने येणारे बरेच जण कायद्याची कलमं पाठ करून येतात, शाळेत जाऊन भिंत, नळ, स्वच्छतागृह यांची यादी भरतात आणि परत फिरतात. यादी भरावीच. पण ती संस्थेच्या कपाटात गेली तर पुढच्या वर्षी तीच पुन्हा भरावी लागते. तीच माहिती शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांनी वाचली आणि इतिवृत्तात ठराव म्हणून लिहिली गेली, तर ती गावाची मागणी होते. देखरेख पालकांच्या हातात जाणं हेच या कामाचं खरं फळ आहे.

शाळेत जाण्यापूर्वी तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारच्या शाळा-माहिती नोंदीतला शाळेचा क्रमांक) मिळवा आणि त्यावरून शाळेचं प्रगतीपत्रक छापून घ्या. पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं यांबद्दल शाळेनंच भरलेली माहिती त्यात असते. शाळेत गेल्यावर हजेरीपट मागण्याआधी वर्गावर्गांत फिरून मुलं मोजा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी हजेरी पाहिली की नजर तोच आकडा शोधत राहते. मग चार आकडे शेजारी लिहा: पटावरची मुलं, हजेरीत हजर दाखवलेली मुलं, पोषण आहाराच्या नोंदवहीतले लाभार्थी आणि तुम्ही मोजलेली मुलं.

आहाराचा हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. प्राथमिकची ४० मुलं जेवली तर ४ किलो तांदूळ लागतो. नोंदवहीत ६ किलो २०० ग्रॅम असेल तर कागदावर ६२ मुलं जेवली आहेत. अशी तफावत दिसली म्हणून मुख्याध्यापकांवर तुटून पडू नका. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होताना, शिक्षकाचं पद जातं, त्यामुळे निघून गेलेल्या मुलाचं नाव कमी करायला शाळा कचरते. कारण समजून बोललात तर शिक्षकच खरा आकडा सांगतात. आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा आणि एरवीच्या दिवशी एकदा मोजणी केली तर गैरहजेरीची कारणंही कळू लागतात.

ऊसतोडीच्या भागात, विशेषतः बीडसारख्या जिल्ह्यांत, दिवाळीच्या सुमारास फड सुरू होतात आणि आईबापांबरोबर मुलंही जातात. इथे पटाच्या आकड्यावर विसंबू नका. महिनाभराहून जास्त सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. ते कुठल्या कारखान्याकडे गेलं, दुसऱ्या गावच्या शाळेत दाखल होण्यासाठीचं शिक्षण हमी पत्र सोबत दिलं का, गावात हंगामी वसतिगृह आहे का, हे नावानिशी विचारा. कारखान्याजवळच्या शाळेनं ‘दाखला आणा’ म्हणून मूल परत पाठवलं असेल तर ते बेकायदा आहे. दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत नवख्यांचा हमखास घोटाळा होतो. ३० मुलांमागे एक शिक्षक असा भागाकार करून १८ मुलांच्या शाळेला एक शिक्षक पुरे, असं ते लिहितात. कायद्याची अनुसूची पहिली ते पाचवीसाठी सांगते: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, २०० पर्यंत ५. शासन निर्णय बदलत राहतात, अनुसूची मात्र कायद्याचा भाग आहे, म्हणून पत्रात तिचाच आधार द्या. मंजूर, कार्यरत आणि आज हजर असे तीन रकाने ठेवा. प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरता दुसरीकडे कामाला, गेलेला शिक्षक दुसऱ्या रकान्यात असतो, तिसऱ्यात नसतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही, याची आठवण पालकांनी करून दिली तर शिक्षकांनाही ती हवीच असते.

आता समिती. कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधून निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. बिघडतं ते निवडीच्या दिवशी. सभेची सूचना वहीतल्या सहीपुरती फिरते, दहा-बारा जण जमतात, नावं आधीच लिहिलेली असतात. खरी निवड झाली की नाही, हे ओळखायला सदस्य महिलांना घरी जाऊन भेटा. ‘तुम्ही समितीवर आहात का?’ एवढंच विचारा. कित्येकींना ते माहीतच नसतं, सह्या त्यांच्या नवऱ्यांनी केलेल्या असतात. पुढच्या निवडीआधी वाडी-वस्तीनिहाय बैठका घ्या, सभा मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवायला सांगा आणि प्रत्येक वस्तीतून निदान एक नाव पुढे येईल असं पाहा. एवढ्यासाठी महिना गेला तरी चालेल. पुढची सगळी कामं या निवडीवर उभी राहतात.

समितीनं करायचा शाळा विकास आराखडा मात्र अनेकदा मागच्या वर्षीचाच उतरवलेला असतो. दुरुस्तीची मागणी ‘खोल्या खराब आहेत’ अशी न लिहिता ‘तिसरीच्या खोलीचे ६ पत्रे फुटले, पावसात वर्ग व्हरांड्यात भरतो’ अशी लिहा.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे ती स्थानिक प्राधिकरणाकडे (उदा. जिल्हा परिषद, महापालिका) जाते आणि तीन महिन्यांत निकाल लागायला हवा. त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पोचेवर तारीख नसेल तर हे तीन महिने मोजताच येत नाहीत. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून शिक्षकांची पदं आणि आहाराचा हिशेब एकत्र मागू नका.

शहरांत खाजगी शाळांमध्ये वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांचं काम जास्त असतं. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खाजगी शाळांना यातून सूट देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये रद्द केला, हे पालकांना जरूर सांगा. अर्ज भरताना घराचं ठिकाण नकाशावर नेमकं लावा. ते चुकलं तर सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश अडतो.

मुलांच्या बालसभेची निवडणूक गुप्त मतदानानं घ्या: मतपत्रिका, पेटी आणि सर्वांसमोर मोजणी. वर्गशिक्षकांनी ‘हुशार’ मुलाचं नाव सुचवू नये, हे आधीच ठरवून घ्या. पाणी, स्वच्छतागृहाची कडी, खेळाचं साहित्य असे विषय मुलांच्या हाती खरोखर सोपवा, नाहीतर वर्षभर त्यांच्याकडे फक्त रांगा लावायचं काम राहतं. शाळा व्यवस्थापन समितीवर दोन विद्यार्थीही असतात, त्यांत एक मुलगी. बालसभेचा ठराव त्यांनीच समितीपुढे वाचावा आणि तो विषय सभेत पहिला घ्यावा. शेवटी ठेवला तर तोवर निम्मे पालक शेताकडे निघालेले असतात.