जुन्या लष्करी बंदुका लिलावात घेताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या बंदुकीचा विषय निघाला की कुणीतरी आपल्या पणजोबांचे नाव काढतेच. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले, आणि मराठा पलटणींत भरती झालेल्या माणसांची घरे कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात सर्वत्र आहेत. त्यामुळे संग्रहाची ओढ आपल्याकडे पुष्कळदा घरातल्या आठवणीतूनच जन्मते, आणि ती मोलाची आहे. मात्र या आठवणीत एक गफलत वारंवार आढळते. शिपायाची रायफल त्याच्या मालकीची नव्हती. ती सरकारी होती आणि पलटण सोडताना कोतामध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करावी लागत असे. म्हणून लिलावात एखादी ली-एनफिल्ड ही ब्रिटिश लष्करी रायफल दाखवून ‘ही मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा शिपायाची’ असे कोणी सांगितले, तर त्या विधानाला पलटणीच्या खुणेचा किंवा कागदाचा आधार मागावा. आधार नसेल, तर त्या वाक्यासाठी एक रुपयाही जादा मोजू नये.

बोली लावण्याआधी कायदा समजून घेणे हे पहिले काम आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्त करूनही डागता येणार नाही, ही त्या सुटीची अट आहे. २०२० मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार ‘क्युरिओ’ गटातील, म्हणजे संग्रहमोलाचे, लहान शस्त्र (बंदूक-पिस्तूल) केवळ बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ते वापरण्यास, सोबत नेण्यास किंवा वाहून नेण्यास लागतो. समोरची वस्तू या सुटीत बसते की नाही, हे विक्रेत्याच्या तोंडी हमीवर सोडू नये. सूचीतील वर्णन आणि छायाचित्रे घेऊन जिल्हादंडाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेत जावे, अर्ज द्यावा आणि उत्तर लेखी घ्यावे. यात लिलावाची तारीख निघून गेली तरी चालेल. लष्करी काडतुसाच्या बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, रायफल असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

दुसरा कायदा पुराणवस्तूंचा, १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्याच्या कक्षेत येते. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी लिलावातून बंदूक मागवण्याचा विचार सामान्य संग्राहकाने सोडून द्यावा हे उत्तम, कारण अग्निशस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत आणि सीमाशुल्क विभागात अडकलेली वस्तू सोडवणे तिच्या किमतीहून महाग पडू शकते. लंडनच्या लिलावसूच्या मात्र अवश्य वाचाव्यात. डोळा तयार करण्यासाठी त्यांच्यासारखे साधन नाही.

डोळा तयार करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष शस्त्रे पाहणे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये वाघनखे पाहायला मोठी गर्दी लोटली होती. संग्राहकाने अशा संग्रहालयात निवांत दिवशी जाऊन ठासणीच्या बंदुकांपुढे उभे राहावे आणि एकच प्रश्न विचारावा: ही पेट कशी घेत होती? तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेकते, चकमकीच्या बंदुकीत घोड्यातली गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते, आणि टोपीच्या बंदुकीत घोडा तांब्याच्या टोपीवर आदळतो. एवढे ओळखता आले की निम्मी खोटी वर्णने आपोआप गळून पडतात. टोपीची बंदूक ब्रिटिश सैन्यात १८४० च्या आगेमागे रूढ झाली आणि पेशवाई १८१८ मध्ये संपली. म्हणजे ‘पेशव्यांच्या फौजेतील’ म्हणून पुढे केलेली टोपीची बंदूक तशी असू शकत नाही. फार तर मूळची चकमकीची बंदूक नंतर बदलून घेतलेली असेल. असा बदल झाला असेल, तर कळपट्टीवर, म्हणजे घोड्याची यंत्रणा बसवलेल्या धातूच्या पट्टीवर, बुजवलेली स्क्रूची भोके दिसतात. अलीकडे भाव वाढवण्यासाठी बदललेली बंदूक पुन्हा चकमकीची करून विकतात, म्हणून ती भोके दोन्ही अंगांनी तपासावीत.

खुणांचे वाचन हा या छंदाचा गाभा आहे आणि त्यावर घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीच्या कळपट्टीवर आधी चार भागांत विभागलेले बदामाच्या (हृदयाच्या) आकाराचे चिन्ह असे. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागी पंजात मुकुट धरलेला उभा सिंह आला. ‘इंडिया पॅटर्न’ या ब्रिटिश चकमकीच्या बंदुकीची नळी ३९ इंच आणि बोअर सुमारे पाऊण इंच असते, म्हणून सोबत मोजपट्टी असावी. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले असतील, तर ती वस्तू रीतसर सेवेतून काढून विकलेली आहे. १८५३ च्या ब्रिटिश एनफिल्ड या ठासणीच्या रायफलीची नळी आतून खाचांची असते, पण १८५७ नंतर हिंदी शिपायांसाठी त्याच धर्तीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका काढण्यात आल्या. त्यामुळे आत खाचा नाहीत म्हणून अशी बंदूक झिजलेली किंवा बनावट ठरवू नये. आपल्या इतिहासाच्या दृष्टीने तीच अधिक बोलकी आहे. वायव्य सरहद्दीवरच्या खेड्यांत हाताने घडवलेल्या नकला मात्र अक्षरांवरून ओळखू येतात: इंग्रजी अक्षर उलटे कोरलेले, मुकुट वेडावाकडा आणि अंकांची खोली कमीजास्त.

मराठी वाचकासाठी एक सापळा वेगळा सांगावा लागेल, कारण मी स्वतः त्यात सापडलो. एका विक्रेत्याकडे टोपीची एक निकामी बंदूक होती आणि तिच्यावर देवनागरी अक्षरे व अंक होते. कायद्याचे कागद ठीक होते. चूक माझ्या वाचनाची होती. देवनागरी दिसताच मला एखाद्या मराठा सरदाराचा शिलेखाना (शस्त्रागार) दिसू लागला आणि मी दुप्पट किंमत मोजली. नळीत दोनच खाचा आहेत, हे मी घरी आल्यावर पाहिले. ती ब्रिटिशांच्या दोन खाचांच्या ब्रन्सविक रायफलीची नेपाळी नक्कल होती. नेपाळी सैन्याच्या शस्त्रांवर देवनागरी मजकूर असतो आणि वर्ष विक्रम संवतात असते, म्हणजे १९४५ हा आकडा इसवी सन १८८८ च्या आसपासचा. बिकानेरच्या शिलेखान्यातील शस्त्रांवरही ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी आढळते. तेव्हा लिपी ओळखीची वाटली म्हणून वस्तू आपल्या मुलखातली ठरत नाही. संवत, भाषा आणि अक्षराचे वळण तपासल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

मालाच्या पाहणीचा दिवस चुकवू नये. छायाचित्रात दस्त्याची डागडुजी, नव्याने चढवलेला काळसर रंग आणि बदललेला ठासणीचा गज दिसत नाही. ठासणीची बंदूक हातात घेण्याआधी ती भरलेली नाही याची खात्री लिलावगृहाच्या माणसाकडून करून घ्यावी, कारण कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. पद्धत सोपी आहे. लाकडी काठी नळीत अडेपर्यंत सोडावी, तोंडाशी खडूने खूण करावी आणि काठी बाहेर काढून नळीला लावून धरावी. तिचे टोक कानाजवळ, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ठिणगी आत जाण्याच्या भोकाजवळ, पोहोचले पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे राहिले, तर आत काहीतरी ठासलेले आहे असे समजून वस्तू जागेवर ठेवावी. ते काढण्याचा प्रयत्न स्वतः करू नये.

बोलीची मर्यादा घरी, शांतपणे आणि कागदावर ठरवावी. हातोडा पडताना ठरलेल्या भावावर लिलावगृहाचे शुल्क, त्यावरचा कर, विमा आणि वाहतूक चढते, हे नवखा माणूस हमखास विसरतो. रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून घेतली, तेव्हा जाहीर झालेल्या सुमारे ४७.१५ लाख रुपयांत वाहतूक, हाताळणी आणि विम्याचा खर्चही धरलेला होता. आपला हिशेबही तसाच, वस्तू घरात येईपर्यंतचा असावा. माझ्या मते पहिली खरेदी बंदुकीची नसावीच. रंजकदाणी, दारूची शिंगे, जुनी कवायत-पुस्तके किंवा पहिल्या महायुद्धाची पदके यांपासून सुरुवात करावी. त्या युद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव, क्रमांक आणि पलटण ठोकलेली असते, त्यामुळे खऱ्या मालकापर्यंत पोहोचता येते. हे सुख बंदुकीत क्वचितच मिळते.

वस्तू घरी आल्यावर तिला घासू नये. पितळ चमकवणारी पावडर आणि सँडपेपर यांनी जेवढ्या खुणा पुसल्या आहेत, तेवढ्या गंजानेही पुसल्या नसतील. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी, धातूवर खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामाच्या मिठाने बोटांचे ठसे लोखंडात उमटतात. चामड्याचा पट्टा बंदुकीवर बांधून ठेवू नये, वेगळा ठेवावा. साताऱ्याच्या पश्चिम भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात सिलिका जेल ठेवून ते दर पंधरा दिवसांनी बदलावे. सांगलीत २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाला संग्रह तळमजल्यावर ठेवू नये हे सांगायला नको. कागदपत्रांच्या प्रती मात्र दुसऱ्या घरी ठेवाव्यात. प्रत्येक वस्तूची नोंद एका वहीत असावी: कुठे घेतली, किती दिले, खुणा कोणत्या आणि परवाना शाखेच्या पत्राचा क्रमांक काय. ही वही कुठे आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावे. आपल्या माघारी शस्त्रांबद्दल पोलीस ठाण्यात उत्तर देण्याची वेळ त्याच्यावरच येणार असते.