स्टेशनलगतचा परिसर चालण्याजोगा आहे का? पाहणी करताना या चुका टाळा

स्टेशनभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढायचं, आतले फूटपाथ मोजायचे, गुण द्यायचे. रहिवासी मंडळं आणि वास्तुकलेचे विद्यार्थी बहुतेक पाहण्या अशाच करतात. मुंबईत तेवढ्याने फारसं काही हाती लागत नाही. लोकलमधून उतरलेला माणूस घरी पोहोचेपर्यंत नेमका कुठे अडतो, हे पाहणीतून कळायला हवं.

वर्तुळावर विश्वास ठेवणं

नकाशावरचं अंतर हवाई असतं आणि मुंबईत मधे रूळ असतात. समोर दिसणारी इमारत पूर्वेला, तुम्ही पश्चिमेला. मग जिना, पूल, पुन्हा जिना आणि वळसा. तीनशे मीटरचे सातशे कधी होतात कळत नाही. वाट लांबली की लोक रूळ ओलांडतात आणि त्यात दरवर्षी किती जीव जातात हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणून प्रत्यक्ष चालायची वाट मोजा. रेल्वेच्या पुलावरून जायला तिकीट लागतं की तो सर्वांना खुला आहे, हेही लिहा.

सुरुवात कुठून करायची, हाही प्रश्न आहे. नकाशातला स्टेशनचा ठिपका बहुतेकदा रुळांवर असतो. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास लांब असते. चर्चगेटकडच्या टोकाला उतरणाऱ्याची वाट आणि विरारकडच्या टोकाची वाट वेगळी. प्रत्येक जिन्यापासून स्वतंत्र मोजा.

नकाशा जुना असू शकतो, हे विसरू नका. शीव (सायन) स्टेशनजवळचा, रुळांवरून जाणारा १९१२ सालचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पाडकामासाठी वाहतुकीला बंद झाला आणि आजूबाजूच्या वाटा बदलल्या. अशा ठिकाणी मागच्या वर्षीची पाहणी पुन्हा वापरता येत नाही.

सरासरी गर्दी मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तासाभरात जिन्यावरून किती माणसं गेली ते मोजून साठाने भागलं, तर आकडा निरुपद्रवी दिसतो. पण आपल्याकडे माणसं लोंढ्याने येतात. लोकल थांबली की एका मिनिटात जिना भरतो, मग थोडा मोकळा होतो, तोवर पुढची गाडी येते. दोन फलाटांवर एकाच वेळी गाड्या आल्या तर विचारूच नका. म्हणून मोजणी मिनिटामिनिटाची हवी आणि त्यातलं सर्वांत वाईट मिनिट अहवालात ठळक दिसलं पाहिजे.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. पाऊस आला म्हणून माणसं पुलावरच थांबली आणि खालून गाड्यांतून उतरलेली गर्दी वर येतच राहिली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, उतरणाऱ्यांची संख्या वाढली, पूल मात्र तेवढाच राहिला. ‘पादचारी पूल आहे का? होय’ एवढाच रकाना असलेल्या पाहणीत तो पूल पास झाला असता. रुंदी, छप्पर, उतरण्याच्या जागा आणि पावसात माणसं कुठे थांबतात, यांचे रकाने वेगळे ठेवा.

फूटपाथची कागदावरची रुंदी

रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेसच्या निकषांनुसार फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. विजेचा खांब, झाडाचं आळं, दुकानाची पायरी आणि उभ्या केलेल्या दुचाकी वजा करा आणि सर्वांत अरुंद जागी टेप लावा. नव्वद टक्के वाट उत्तम आणि एका ठिकाणी उखडलेले पेव्हर ब्लॉक असतील, तर माणूस तिथेच रस्त्यावर उतरतो. त्यामुळे गुणांची सरासरी काढू नका. प्रत्येक वाटेचा सर्वांत वाईट तुकडा वेगळा नोंदवा.

फेरीवाल्यांकडे निव्वळ अडथळा म्हणून पाहणं मला पटत नाही. स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत फेरीच्या धंद्याला उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मनाई केली, हे खरं. पण रात्री साडेदहाला एकटीने चालणाऱ्या मुलीला त्याच फेरीवाल्यांच्या हातगाड्यांवरच्या दिव्यांचा आधार वाटतो. किती जागा उरते आणि किती वाजता, एवढं लिहा.

स्वतःच्या पायांनी मोजणं

पाहणी करणारे बहुतेक तरुण असतात. ताशी ४.८ किलोमीटर वेगाने पाचशे मीटरला सव्वासहा मिनिटं लागतात, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना दहाच्या वर. अठरा मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्यांना साडेबावीस सेकंद हवेत, हिरवा दिवा पंधराच सेकंद असेल तर त्या दुभाजकावर अडकतात. म्हणून एखादे ज्येष्ठ, काठी वापरणारी व्यक्ती आणि बाळ कडेवर घेतलेली आई यांना बरोबर न्याच. जुलैत भरतीच्या वेळी, म्हणजे पावसाचं पाणी तुंबतं तेव्हा, आणि दिवेलागणीनंतर एकेक फेरी करा.

गुण चांगले, तरी लोक शेअर रिक्षाच्या रांगेत?

तर रांगेतच विचारा. उत्तर बहुधा पाहणीत सुटलेलं असतं: स्कायवॉकचा, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या उंच पादचारी मार्गाचा, जिना चढवत नाही, सावली नाही, वाटेत नाला तुंबतो, दिवे बंद असतात. स्कायवॉकवर माणसं दिसत नसतील तर दोन्ही टोकांच्या पायऱ्या मोजा आणि खालच्या रस्त्यावरची माणसंही मोजा.

तक्रारी एका यादीत कोंबल्या तर कुणीच हलत नाही. रेल्वे हद्दीतले जिने आणि पूल रेल्वेकडे, फूटपाथ आणि गटाराची झाकणं महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे, सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांकडे, अशा वेगळ्या याद्या करा. प्रत्येक नोंदीला फोटो, वेळ आणि जवळच्या दुकानाची किंवा फलाटाची खूण जोडा.