जॉइंटचे बोल्ट आवळताना

आयटीआय करून कराडच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा पान्याला पाइप लावून ओढला की बोल्ट पक्का, असंच मला वाटायचं. दुसऱ्याच महिन्यात एका जुन्या सहाचाकी ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरणं नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा भाग) बदलला. काम उठून दिसावं म्हणून फ्लँजच्या, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकत्यांच्या, तोंडांवरही काळा रंग मारला आणि चारही बोल्ट जीव खाऊन आवळले. चार दिवसांनी कुंभार्ली घाटात गाडी खालून हादरायला लागली. ड्रायव्हरने तिथेच थांबवली म्हणून निभावलं. एक बोल्ट गळून पडला होता, बाकीचे तीन नुसत्या हाताने फिरत होते.

उस्तादांनी फ्लँज माझ्या हातात दिली. नख लावलं तर रंगाचे पापुद्रे निघाले. "आवळलेला बोल्ट केसभर ताणला जातो, त्या ताणानेच दोन्ही तोंडं घट्ट बसतात. मधला रंग दबला, ताण गेला," ते म्हणाले.

म्हणून नव्या पोरांना मी आधी वायर ब्रश देतो, पाना नंतर. फ्लँजची तोंडं उघड्या लोखंडापर्यंत साफ हवीत. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला तर आटे गेलेत, तो बाजूला काढा. टॉर्क रेंचवर (ठरवलेला पिळाचा जोर आला की 'टक' करणारा पाना) लावलेल्या जोरातला साधारण 90 टक्के भाग घर्षणातच जातो. त्यामुळे आट्यांत माती असली तर बोल्ट सैल असतानाच रेंच 'टक' करतो, आणि तेल असलं तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की तेल लावलेल्या, हे आधी वाचा. जुन्या मॅन्युअलमध्ये तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो. 1 म्हणजे 9.81 न्यूटन-मीटर. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा 10.9 असेल, तर तिथे 8.8 चा, म्हणजे कमी ताकदीचा, घालू नका. लॉक नट (आपोआप सैल होऊ नये म्हणून बनवलेला) दर वेळी नवा.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट घ्या, तीन फेऱ्यांत पूर्ण आकड्यावर या. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर पंचची खूण करा, नाहीतर बसवताना बाजू चुकते आणि गाडी थरथरते. पिनियनचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरचा, नट मात्र या हिशोबात धरू नका. तिथे बेअरिंगवरचा दाब जुळवायचा असतो. ते काम जाणकाराच्या शेजारी उभं राहूनच शिका.

शेवटी नटापासून फ्लँजपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. गाडी शंभरेक किलोमीटर फिरून आली की बॅटरी घेऊन खाली शिरतो आणि रेघ तुटली आहे का, म्हणजे नट फिरलाय का, ते बघतो.