फ्रोझन उंदीर थॉ करताना: वरून गरम म्हणजे आतूनही गरम असं नसतं

पाळीव सापाला द्यायच्या फ्रोझन उंदराचा साइज कसा निवडायचा ते तुम्हाला माहीतच असेल, त्यात वेळ घालवत नाही. माझी झोप उडवली होती ती फक्त थॉइंगने, म्हणजे गोठलेला उंदीर वितळवण्याने.

खरा घोळ उंदराच्या पोटात असतो. कातडी मऊ लागते, पाय लोंबतात, वाटतं झालं तयार. पण बरगड्यांच्या खाली अंगठ्याने हळूच दाबून बघा, आत खड्यासारखं कडक लागलं तर तो अजून बर्फच आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरवर पण विसंबू नका, तो फक्त कातडीचं तापमान सांगतो, वर 38 अंश दिसले तरी आत गोठलेलं असू शकतं. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, त्यामुळे असा गार गोळा पोटात गेला की पचन अडतं आणि एकदोन दिवसांनी अर्धवट सडलेला उंदीर बाहेर येतो. आणि नुसत्या वासाने भागत नाही, ओकल्यावर सापाची अन्ननलिका आम्लाने सोलवटते, मग निदान 10 ते 14 दिवस काही द्यायचं नाही आणि नंतरही आधी छोटंच भक्ष्य.

म्हणून घाई नको. आदल्या रात्री बंद झिप पिशवीत घालून फ्रीजमधे ठेवा, आपल्या खाण्यापासून लांब, मोठा रॅट असेल तर पूर्ण 24 तास लागतात. मग पिशवीसकट गरम पाण्यात, पाणी गार झालं की बदलायचं, आणि परत पोट दाबून बघायचं. उकळतं पाणी नको, कातडी शिजून फाटते. मायक्रोवेव्ह तर नाहीच नाही. "आम्ही वर्षानुवर्षं तसंच करतो" म्हणणारे सीनियर भेटतील, ऐकू नका, एक बाजू शिजते, दुसरी गोठलेली राहते, पोट फुटतं ते वेगळंच. रात्रभर ओट्यावर ठेवणंही तितकंच वाईट, फ्रीजरमधे साल्मोनेला हा जंतू मरत नाही, नुसता थांबतो. भांडी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा.

बॉल पायथनने (पाळला जाणारा एक अजगर) तोंड फिरवलं तर घाबरू नका हो, खरंच. त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, उंदराचं डोकं थोडं जास्त गरम करून लांब चिमट्याने हलवून बघा. धडधाकट मोठा साप काही आठवडे उपाशी राहिला तरी काही होत नाही, पिल्लू असेल तर मात्र लक्ष ठेवा. रात्रभर तसाच पडलेला उंदीर सकाळी सरळ टाकून द्या, जीव तुटला तरी परत फ्रीजरमधे नाही. आणि खाल्लं तर 48 तास सापाला हातात घेऊ नका.