लिहिलेलं बदलताना आणि पुसताना या चुका टाळा

आपण लिहिलेली पोस्ट आपलीच. मग ती कधीही बदलली किंवा काढून टाकली तर कुणाचं काय बिघडलं? खाली कुणी उत्तर दिलं नसेल तोवर फारसं काही बिघडत नाही. पण एकदा प्रतिसाद आले की त्या मजकुरावर इतर चार जणांनी वेळ घातलेला असतो, तो समोर धरून आपली वाक्यं लिहिलेली असतात. त्यानंतर वरचा मजकूर गुपचूप बदलला किंवा उडवला की खालची सगळी चर्चा अधांतरी राहते. म्हणून माझं मत असं: उत्तर येण्याआधी हवं तसं एडिट करा, उत्तर आल्यावर जे बदलाल ते सगळ्यांना दिसेल असं बदला, आणि डिलीट फक्त तेच करा जे तसंच राहिलं तर कुणाला इजा होईल.

हे पटणारे लोकही प्रत्यक्षात नेमक्या उलट चुका करतात. त्यातल्या नेहमीच्या चुका पाहू.

काम झालं की प्रश्नच उडवणं

ही सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय. एकजण विचारतो, "अपडेट टाकल्यापासून लॅपटॉपचा आवाज बंद झालाय, काय करू?" कुणी मॉडेल विचारतं, कुणी ड्रायव्हरचं, म्हणजे आवाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन बघायला सांगतं. तिसरा म्हणतो, आधीच्या ड्रायव्हरवर परत जाऊन बघा. ते लागू पडतं. विचारणारा "झालं, धन्यवाद" म्हणतो आणि काही वेळाने मूळ प्रश्न काढून टाकतो, कारण त्याच्या दृष्टीने विषय संपला.

काही महिन्यांनी त्याच मॉडेलचा दुसरा माणूस तीच अडचण शोधत तिथे येतो. त्याला दिसतं काय? "हो, हेच करून बघा" आणि "मलाही याचाच फायदा झाला". कशाचा, ते कुठेच नाही. काही ठिकाणी प्रश्नाबरोबर खालची उत्तरंही नाहीशी होतात, म्हणजे मदत करणाऱ्यांची मेहनत पूर्ण पाण्यात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने यावर नियमच करून ठेवलाय: उत्तराला कुणी पसंतीचं मत दिलेलं असेल तर विचारणाऱ्याला तो प्रश्न स्वतःहून उडवता येत नाही. मला हा नियम रास्त वाटतो.

तुमचा प्रश्न सुटला असेल तर तो राहू द्या आणि त्याच्या शेवटी दोन ओळी घाला: काय केल्याने सुटला, आणि काय करून उपयोग झाला नाही. नुसतं "सुटलं!" लिहून निघून जाऊ नका, शोधत आलेल्याला ते वाचून जास्तच चुटपुट लागते. प्रश्नात कंपनीचं नाव किंवा स्वतःची ओळख पटेल असं काही लिहून बसला असाल तर तेवढाच तपशील काढा.

आकडा गुपचूप दुरुस्त करणं

टायपो, शुद्धलेखन, तुटलेली लिंक यांची दवंडी पिटायची गरज नाही. अर्थ बदलत असेल तर मात्र गुपचूप हात लावू नका. समजा तुम्ही कुंडीतल्या झाडांना पातळ खत किती घालायचं ते लिहिताना एका लिटरला २ मिलीऐवजी २० मिली लिहून गेलात. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, शून्य काढलं, झालं. पोस्ट आता बरोबर आहे. पण ज्यांनी आदल्या रात्री वाचून वहीत उतरवून घेतलं ते २० मिलीच घालणार आहेत. आणि ज्या बाईंनी खाली "२० मिली फार होतंय, मुळं जळतील" असं बजावलं होतं, त्याच आता चुकीच्या दिसतात. नवा वाचक म्हणेल, लेखात तर २ मिलीच लिहिलंय, यांनी नीट वाचलं नाही वाटतं.

दुरुस्ती अशी लिहावी: "दुरुस्ती: आधी इथे चुकून २० मिली लिहिलं गेलं होतं. बरोबर प्रमाण २ मिली. खालच्या प्रतिसादात ही चूक दाखवून दिल्याबद्दल आभार." जुना आकडा खोडलेला दिसेल असा ठेवला तर आणखी चांगलं. विकिपीडियाच्या चर्चा पानांवर हीच रीत आहे: उत्तर आल्यानंतर स्वतःचं म्हणणं मागे घ्यायचं असेल तर ते पुसत नाहीत, त्यावर रेघ मारतात. शास्त्रीय नियतकालिकंही एखादा शोधनिबंध मागे घेतात तेव्हा सहसा तो गायब करत नाहीत. मागे घेतल्याची सूचना त्याच्याशी जोडून ठेवतात, कारण इतरांनी त्याचा आधार घेतलेला असतो.

चूक घातक असेल तर दुरुस्ती पोस्टच्या तळाशी नको, सुरुवातीलाच हवी. आणि एवढ्यावर थांबू नका. एडिट केल्याची सूचना बहुतेक ठिकाणी कुणालाच जात नाही, नवीन प्रतिसादाची जाते. म्हणून वर दुरुस्ती करून खाली वेगळा प्रतिसादही टाका. ही दुसरी पायरी जवळजवळ सगळेच विसरतात, आणि ज्यांना ती माहिती खरोखर हवी असते त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

भांडण झाल्यावर आपली बाजू पुसणं

वाद रंगतो, आपल्याकडून एखादं लागेल असं वाक्य जातं, समोरचा तितक्याच जोरात उत्तर देतो. राग उतरल्यावर लाज वाटते आणि आपण आपलं वाक्य काढून टाकतो. हेतू वाईट नसतो, पण उरतं ते फक्त समोरच्याचं चिडलेलं उत्तर. नंतर येणाऱ्याला वाटतं, हा माणूस विनाकारण कुणावर तरी तुटून पडलाय. कुणी त्याची कानउघाडणीही करतं. त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं, कारण ज्यावर तो बोलला ते आता जागेवर नाही. त्याला किती एकटं वाटत असेल, याचा पुसणाऱ्याने विचार करायला हवा.

वाक्य मागे घ्या, जरूर घ्या. पण आधी त्याच ठिकाणी लिहा: "माझं वरचं वाक्य चुकीचं आणि लागेल असं होतं. मी ते मागे घेतो. त्यावरचं तुमचं उत्तर साहजिक होतं." मग समोरच्याला विचारा की मूळ वाक्य ठेवू की काढू. पुष्कळदा तोच म्हणतो, दोघंही आपापलं काढू या. अशा दोघांच्या संमतीने पुसण्यात कुणावरच अन्याय होत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे उत्तर आल्यावर मूळ मुद्दाच असा बदलायचा की प्रतिवाद करणारा मूर्ख दिसावा. ही लबाडी आहे, आणि ती पकडलीही जाते. फेसबुकवर पोस्टची एडिट हिस्टरी वाचणाऱ्यालाही पाहता येते. विकिपीडियावर पानाची प्रत्येक आवृत्ती इतिहासात राहते. ईमेलने सूचना पाठवणाऱ्या ठिकाणी मूळ मजकूर लोकांच्या इनबॉक्समध्ये आधीच पोहोचलेला असतो. स्क्रीनशॉट तर कुणीही काढू शकतं.

"प्रकाटाआ" (प्रतिसाद काढून टाकला आहे) एवढंच लिहून निघून जाण्याची सवयही सोडलेली बरी. "दोनदा पडला म्हणून काढला", "माहिती चुकीची होती म्हणून काढला", इतकं कारण दिलं तरी खालची उत्तरं कळायला मदत होते.

डिलीट केलं म्हणजे नाहीसं झालं, असं धरून चालणं

पासवर्ड, ओटीपी, खात्याचा तपशील चुकून चारचौघांत पडला तर पहिलं काम डिलीट करणं नाही. आधी पासवर्ड बदला, कार्डाचा तपशील गेला असेल तर बँकेला कळवून कार्ड बंद करा, मग मजकूर काढा. तो पडला आणि तुम्ही काढला, यामधल्या मिनिटांत कुणी पाहिला ते तुम्हाला कळणार नाही. प्रोग्रॅमर मंडळींची यातली नेहमीची फसगत म्हणजे गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, गेलेली गुप्त की (पासवर्डसारखीच). पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ती पुसली तरी मागच्या कमिटमध्ये जशीच्या तशी असते. ती की रद्द करून नवीन घेणं हाच खरा उपाय.

दुसऱ्याचा फोन नंबर, पत्ता, आजार, लहान मुलाचा फोटो असं काही तुमच्याकडून गेलं असेल तर मात्र वरचे उघडपणाचे नियम लागू नाहीत. इथे रेघ मारून ठेवू नका, दुरुस्तीत तो तपशील परत लिहू नका, कुणाचा होता हेही सांगू नका. सरळ काढा. कुणी प्रतिसादात तो मजकूर कोट केला असेल तर त्यांना खासगीत विनंती करा, आणि ज्याचा तो तपशील होता त्यालाही कळवा.

बटण दिसत नाही, काढलेलं अजून दिसतंय

बहुतेक वेळा मुदत संपलेली असते. व्हॉट्सॲपवर २०२३पासून मेसेज एडिट करता येतो, पण पाठवल्यापासून १५ मिनिटांतच. सर्वांसाठी डिलीट करायला सुमारे दोन दिवस मिळतात. जीमेलमध्ये पाठवलेली मेल परत बोलावण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद असतात. सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा आजच ५वरून ३०वर नेऊन ठेवा.

घाईत "डिलीट फॉर मी" दाबलं गेलं तर मेसेज आपल्याला दिसेनासा होतो आणि बाकी सगळ्यांना दिसत राहतो. व्हॉट्सॲप लगेच काही सेकंद "अनडू" दाखवतं, ते दाबा. ते हुकलं तर ग्रुप अ‍ॅडमिनला सांगा. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी काढता येतो. तरी अँड्रॉइड फोनमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी चालू असेल तर त्यात मजकूर राहू शकतो, आणि आयफोनच्या गॅलरीत आपोआप सेव्ह झालेला फोटो तिथेच राहतो.

मुदत संपलीय आणि काढणं खरोखर गरजेचं आहे, अशा वेळी त्या साइटच्या संचालकांना लिहा. नेमकी लिंक, नेमकं वाक्य आणि कारण, एवढं पुरे. "माझं सगळं लिखाण उडवा" असं लिहिलं तर ते अडून बसतात. "तिसऱ्या परिच्छेदात माझ्या बहिणीचा नंबर आहे, तेवढा काढा" म्हटलं तर काम बहुधा लवकर होतं.

रागाने सगळं पुसून निघून जाणं

मे २०२४मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार जाहीर केला तेव्हा आपली उत्तरं एआयसाठी वापरली जाणार म्हणून काही जणांनी निषेध करत स्वतःचीच जुनी उत्तरं बदलून टाकली. ती उत्तरं पूर्ववत केली गेली आणि काहींची खाती काही दिवस बंद झाली. तिथे लिहिताना मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे इतरांनाही वापरू देण्याच्या अटीवर, दिला जातो आणि तो परवाना परत घेता येत नाही. त्यांचा राग मला समजतो. पण त्याची झळ कंपनीपेक्षा रात्री उशिरा उत्तर शोधणाऱ्या अनोळखी माणसाला जास्त बसली असती.

जायचंच असेल तर आधी स्वतःच्या लिखाणाची प्रत उतरवून घ्या आणि खासगी तपशील एकेक करून काढा. खातं बंद करण्याची पायरी सगळ्यात शेवटी. रेडिटसारख्या चर्चेच्या साइटवर खातं डिलीट केल्यावर तुमचं नाव जातं, पण पोस्ट तशाच राहतात, आणि मग त्या बदलायला तुमच्याकडे लॉगिन उरलेलं नसतं.