आधी बोलू द्या, मग लिहू द्या

प्राथमिक शाळेतील मुलाला निबंधाचा विषय देऊन लगेच वही उघडायला लावण्याऐवजी पाच मिनिटे त्याला त्या विषयावर बोलू द्यावे, कारण ७-८ वर्षांच्या मुलाची बरीचशी शक्ती अक्षर वळवण्यात आणि ऱ्हस्व-दीर्घ आठवण्यातच खर्ची पडते आणि सांगायचे काय होते, ते मध्येच निसटून जाते. ‘मी बागेत गेलो. खूप मजा आली.’ एवढे लिहून मूल थांबले, तर ‘अजून लिही’ असे न म्हणता मजा नेमकी कशात आली, हे विचारावे. ‘घसरगुंडी तापली होती, म्हणून मी पाय वर धरून घसरलो’ असे उत्तर आले, की तेच वाक्य जसेच्या तसे लिहायला सांगावे. मोठ्यांनी ते सजवू नये, ही आग्रहाची विनंती.

लिहून झाल्यावर मुलाने ते स्वतः मोठ्याने वाचावे. राहून गेलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, पण वाचताना जीभ अडखळते आणि चूक त्याची त्यालाच सापडते.

शुद्धलेखन तपासताना एका वेळी एकच गोष्ट धरावी: या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात शब्दाच्या शेवटची वेलांटी, जी मराठीच्या नियमानुसार दीर्घ लिहितात, ‘आणि’ हा अपवाद मात्र वेगळा लक्षात आणून द्यावा. सगळ्या चुकांवर एकदम लाल शाई फिरली, की मूल पुढच्या वेळी खात्रीचे, सोपे शब्द तेवढेच वापरते.