निरीक्षणगृहात पोरांना शिकवताय? या चुका टाळा

"इथे होता तोवर पोरगा एकदम शहाणा होता हो, बाहेर गेला आणि परत तेच." निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याच्या केसमधल्या अल्पवयीन पोरांना चौकशी चालू असताना ठेवतात तिथे, काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे ठरलेलं. मी पण व्हॉलंटियर म्हणून जायचो तेव्हा हेच बोलायचो, मग कळलं की आपण शिकवलेलं गेटच्या आतच राहतंय.

सगळ्यात कॉमन चूक पॉइंटच्या तक्त्याची. नीट वागलं की पॉइंट ही आयडिया बरीचशी आली अमेरिकेतल्या कॅन्ससमधून, तिथे १९६७ मध्ये लॉरेन्स गावात अचिव्हमेंट प्लेस नावाचं घर सुरू झालं, मोजकीच पोरं, सोबत राहणारं एक जोडपं, प्रत्येकाकडे कार्ड, पॉइंटवर सायकल, टीव्ही, वीकेंडला घरी जाणं वगैरे. आपण तेवढं कार्ड उचललं. पण तिथे आधी रोजचा हिशोब, मग आठवड्याचा, मग पॉइंटच बंद आणि सवलती चालू, अशा पायऱ्या होत्या, शिवाय पोरं गावातल्या शाळेतच जायची आणि मास्तर रोज रिपोर्ट द्यायचे. हे कोण घेतंय! आपल्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत तक्ता आणि घरी गेल्यावर एकदम काहीच नाही, मग काय होणार.

दुसरं, बारा सेशनचा कोर्स आखू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात जामीन हाच नियम आहे, पोरगा चौथ्या दिवशीही घरी जाऊ शकतो. एक-दोन गोष्टी घ्या, पहिल्याच दिवशी सुरू करा.

आता रोलप्ले. "नाही म्हणायला शिका" असा आमचा तास होता, मी मित्र झालो, "चल ना" म्हटलं, पोरगा म्हणाला "नाही", सगळ्यांच्या टाळ्या. मागून एक जण हसला, "सर, असं कोण बोलतं? ते बाइक चालू ठेवून थांबतात आणि मागच्या पैशांचा विषय काढतात." म्हटलं ये, तूच हो मित्र. त्याने खुर्ची उलटी केली, बाइकसारखा बसला आणि सुरू, "परवा वडापाव कुणी दिला रे? मोबाइलचं रिचार्ज कुणी मारलं?" समोरचा गप्पच, मान खाली. मग लक्षात आलं की नुसतं "नाही" चालत नाही, निसटायला वाक्य लागतं. पोरांनीच शोधलं, "उद्या बोर्डाची तारीख आहे माझी, आई दारात उभी असेल" (बोर्ड म्हणजे बाल न्याय मंडळ, जिथे पोरांची केस चालते), आणि चालायला लागायचं, थांबायचं नाही. ते दहा-बारा वेळा करून घेतलं, दरवेळी मित्र वेगळा. तेव्हा कुठे तोंडात बसलं.

"शाब्बास, गुड बॉय" याने पण काही कळत नाही. "राग आला तरी ताट आपटलं नाहीस, बाहेर गेलास" असं सांगा, लगेच सांगा. आणि जेल दाखवून घाबरवायचा प्रकार तर नकोच, अमेरिकेत असे कार्यक्रम तपासले तर पोरं उलट जास्त गुन्हे करताना दिसली.

राहिली आई. तिला फक्त सही करायला बोलावतात. त्याऐवजी तोच रोलप्ले तिच्यासमोर करा, आणि पोरगा वेळेत आला तर "आज कशी आठवण आली घराची" असा टोमणा न मारता "आलास, जेवून घे" एवढंच म्हणायची प्रॅक्टिस तिलाही द्या, तिला हे आपल्यापेक्षा जड जातं.

सुटल्यावर पहिल्या आठवड्यात परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर, सुटलेल्या पोरावर लक्ष ठेवणारे) सांगून दोनदा तरी फोन करा. "नीट वागतोस ना" विचारलंत तर "हो सर" येणारच, त्यापेक्षा "काल संध्याकाळी कोण आलं होतं, तू काय बोललास" ते विचारा.